पिझ्झाचा तळ कच्चा का राहतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

घरच्या पिझ्झाबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. उत्तरं देताना मुंबईची हवा, इथे मिळणारा मैदा आणि आपल्याकडचे ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) गृहीत धरले आहेत. पाककृतीत चूक शोधणारी पत्रं बरीच आहेत, पण निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ पिठात नाही, उष्णतेत आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : आमचा ओटीजी ४० लिटरचा आहे आणि २५० अंशांपर्यंत तापतो. पिझ्झा वीस मिनिटं ठेवला तरी खालून पांढरा, मध्यभागी ओलसर आणि कडा मात्र दात लागणार नाहीत इतक्या कडक. पिझ्झेरियातल्यासारखा कसा जमेल? (दादर)

तुम्ही पिझ्झा पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये ठेवत असणार. गार ट्रे, त्यावर गार पीठ, त्यावर ओला सॉस. ट्रे तापायलाच सात-आठ मिनिटं जातात. तोवर वरची हवा कडा वाळवत राहते आणि तळाला काहीच होत नाही. भाकरी कोमट तव्यावर टाकली तर जे होतं, तेच इथे होतं.

इटलीतल्या नापोली शहराच्या पद्धतीचा पिझ्झा लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत होतो, कारण भट्टीची फरशीच ४०० अंशांच्या आसपास असते आणि वरचा घुमट त्याहून तापलेला. इतक्या कमी वेळात पाणी उडून जायला सवड मिळत नाही, म्हणून कड फुगते आणि मऊ राहते. २५० अंशांच्या ओटीजीत हा पिझ्झा होणार नाही, कितीही महागाचं पीठ आणलं तरी. तो नाद सोडा. न्यूयॉर्कच्या धाटणीचा पिझ्झा मात्र घरी फार चांगला होतो. तो थोडा जास्त वेळ भाजला जातो, तळ कुरकुरीत असतो आणि तुकडा दुमडून खाता येतो. तिथल्या दुकानांतले ओव्हनही साधारण २८० ते ३२० अंशांवर चालतात. हे अंतर आपल्याला भरून काढता येतं.

ते भरून काढायचं जाड लोखंडी प्लेटने. ओटीजीच्या जाळीवर ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट ठेवा, वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू करा, २५० वर ४५ मिनिटं ते एक तास तापू द्या. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, असं समजू नका. तो दिवा हवेचं तापमान सांगतो, प्लेटचं नाही. चार-पाच किलो लोखंड तापायला वेळ लागतोच. पिझ्झा थेट या प्लेटवर सरकवायचा. पहिल्या मिनिटातच तळाला आच लागते, पिठातल्या पाण्याची वाफ होऊन कड उचलली जाते आणि ७ ते ९ मिनिटांत काम संपतं. वीस मिनिटांवरून आठ मिनिटांवर आलात की कडा आपोआप मऊ राहतील.

चार मिनिटांनी पिझ्झा अर्धा फिरवा, कारण बहुतेक ओटीजींत मागची बाजू जास्त तापते. तळ झाला पण चीजला रंग आला नाही, तर शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा रॉड चालू ठेवा. उलट होत असेल, म्हणजे वरून करपतोय आणि तळ फिकाच, तर जाळी एक खाच खाली घ्या.

आणि एक ओव्हन थर्मामीटर आणाच. बटणावर २५० लिहिलेलं असताना आत २२० असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि हे कळल्याशिवाय बाकीचे सगळे प्रयोग अंधारात होतात.

प्रश्न : अशी प्लेट मुंबईत कुठे मिळते? दगडी पिझ्झा स्टोन जास्त चांगला नाही का? घरात कडप्प्याचा तुकडा पडून आहे, तो चालेल का? (कांदिवली)

कडप्पा नको. दगडात मुरलेल्या पाण्याची तापल्यावर वाफ होते आणि तो तडकतो, कधी कधी कपची उडून. चकाकी असलेली फरशीची टाइलही नको. ओव्हनसाठीच बनवलेला कॉर्डिएराइटचा (उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकचा) स्टोन चांगला असतो, पण लोखंड दगडापेक्षा कितीतरी पटीने भराभर उष्णता पिठाला देतं. भट्टी ४०० अंशांची असेल तर दगडच हवा, तिथे लोखंडाने तळ जळेल. २५० अंशांना लोखंडच सरस.

तयार ‘बेकिंग स्टील’ महाग पडतं. ग्रिल आणि गेट बनवणाऱ्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन ‘एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, सहा एमएम’ मागा. दारूखान्यात किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारात तुकडे वजनावर मिळतात, मापाने कापूनही देतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड किंवा जीआय, चुकूनही घेऊ नका. अन्न भाजायला तो पत्रा नाही.

माप घेताना ओव्हनच्या आतल्या रुंदी-खोलीपेक्षा प्रत्येक बाजूला किमान दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा, नाहीतर खालची गरम हवा वर येणार नाही. ३० बाय ३० सेंटिमीटरची सहा एमएम प्लेट सव्वाचार किलोच्या आसपास भरते. ओटीजीची तारेची जाळी एवढं वजन पेलते का ते प्लेट गार असतानाच तपासा. जाळी मध्ये वाकत असेल तर दुसरी जाळी त्याच खाचेत जोडून ठेवा. प्लेट थेट रॉडवर टेकवायची नाही.

नव्या प्लेटवर निळसर-करडा थर असतो, तो काढावा लागतो. प्लेट रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासा, धुऊन लगेच गॅसवर वाळवा. ओली राहिली तर तासाभरात गंज धरते. कडा ग्राइंडरने गोल करून घेतल्या नसतील तर बोटं कापतात, हे काम दुकानातच करून घ्या. मग तेलाचा हात फिरवा, कोरड्या फडक्याने इतका पुसा की तेल लावलंय असं वाटू नये, आणि २५० वर तासभर तापवा. असं तीनदा केलं की काळा, गुळगुळीत थर बसतो. जाड तेल लावलंत तर चिकट डाग पडतात. पुढे साबण नाही, फक्त खरवडून पुसणं. पावसाळ्यात वापरानंतर तेलाचं बोट फिरवून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा.

प्रश्न : इटालियन ‘झिरो झिरो’ पिठाशिवाय खरा पिझ्झा होत नाही असं वाचलं. ते पीठ मैद्याच्या कितीतरी पट महाग आहे. घ्यावं का? गव्हाचं पीठ वापरलं तर? (गिरगाव)

ओटीजीसाठी घेऊ नका. ‘झिरो झिरो’ ही इटलीतली पिठाची प्रतवारी आहे. पीठ किती पांढरं आणि कोंडा किती काढलेला, एवढंच ती सांगते. प्रथिनं किती हे ती सांगत नाही. त्याच नावाखाली केकचं नरम पीठही येतं आणि पिझ्झाचं ताकदीचं पीठही. शिवाय नापोलीच्या भट्टीसाठी बनवलेलं पीठ ४०० अंशांना करपू नये अशा बेताचं असतं. २५० अंशांना त्यावर रंगच चढत नाही आणि पिझ्झा फिका दिसतो.

आपल्याला बघायची ती प्रथिनं. मैद्याच्या पुड्यामागे पोषणमूल्यांचा तक्ता असतो, त्यात १०० ग्रॅममागे प्रथिनं किती ते वाचा. आपल्याकडचा मैदा साधारण ९ ते ११ मध्ये असतो. १० किंवा वरचा घ्या. वाण्याकडचा सुटा मैदा काय निघेल याचा भरवसा नाही, तो शंकरपाळ्यांना ठेवा. त्याहून ताकद हवी असेल तर व्हायटल ग्लूटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाची, पावडर बेकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते. ४८५ ग्रॅम मैद्यात १५ ग्रॅम ग्लूटेन कोरडंच नीट मिसळलं की १० टक्क्यांचं पीठ १२च्या जवळ जातं. पिझ्झासाठी तेवढं पुरे. ग्लूटेन थेट पाण्यात टाकू नका, रबराच्या गाठी होतात.

चक्कीच्या आट्याचा पूर्ण पिझ्झा जड होतो. कोंड्याचे कण ग्लूटेनचं जाळं कापतात, आणि जात्यात स्टार्चचे कण चिरडले गेल्याने पीठ पाणीही जास्त ओढतं. पाचवा हिस्सा आटा, बाकी मैदा आणि १५-२० ग्रॅम जास्तीचं पाणी, एवढ्यावर मात्र चव सुंदर येते. आम्हाला ती नुसत्या मैद्यापेक्षा जास्त आवडते.

प्रश्न : परदेशी पाककृतीप्रमाणे पीठ ‘खोलीच्या तापमानाला’ ठेवलं की मे महिन्यात चार तासांत डब्याबाहेर येतं, दारूसारखा वास येतो आणि ताणताना फाटतं. यीस्ट कमी करू की वेळ? नेमकं प्रमाण द्या. (ठाणे)

यीस्ट आणि फ्रिजबाहेरचा वेळ, दोन्ही कमी करा आणि मुख्य म्हणजे पाणी गार घ्या. त्या पाककृतींतली खोली २० अंशांची आहे, तुमची ३१-३२ अंशांची. त्या फरकाने यीस्टचा वेग दुपटीहून जास्त वाढतो. यीस्टने साखर संपवली, आम्ल वाढलं, ग्लूटेन सैल पडलं की पीठ फाटतंच. अशा पिठाचा पिझ्झा होत नाही. ते तेल लावलेल्या ट्रेमध्ये पसरून, वर मीठ आणि कांदा टाकून जाड पावासारखं भाजून घ्या, वाया जाणार नाही.

दहा इंची चार पिझ्झांसाठी प्रमाण असं :

मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम, मीठ ११ ग्रॅम, तेल १० ग्रॅम, साखर ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट १ ग्रॅम.

ग्लूटेन मिसळलं असेल तर पाणी ३१०. एक ग्रॅम यीस्ट म्हणजे पाव टीस्पूनपेक्षा किंचित जास्त. खिशात मावणारा ज्वेलरी काटा मिळतो, तो घेतलात तर अंदाज लागणार नाही. बाकी सगळंही वजनावरच घ्या. वाटीने मैदा मोजला तर दाबून भरण्या-न भरण्यात सहज पंधरा-वीस टक्क्यांचा फरक पडतो. नापोलीच्या पिठात तेल-साखर नसते, इथे आहे. कारण उघड आहे. कमी तापमानाला साखरेशिवाय रंग येत नाही, आणि आठ मिनिटं भाजताना तेलाशिवाय पीठ वाळतं.

आता पाण्याचं गणित. मळून झाल्यावर पीठ २५ अंशांच्या आसपास असावं. २५ला तिनाने गुणा : ७५. त्यातून खोलीचं तापमान ३१, पिठाचं ३१ आणि हाताने मळण्याच्या उष्णतेचे ३ वजा करा. उरले १०. म्हणजे पाणी १० अंशांचं हवं. फ्रिजमधलं पाणी याच्या जवळपास असतं. जानेवारीत खोली २५ अंशांना आली की साधं माठातलं पाणी चालेल. फूड प्रोसेसरमध्ये मळणार असाल तर बर्फाचं पाणीच घ्या, पातं पीठ भराभर तापवतं, आणि ४५ सेकंदांच्या वर फिरवू नका.

तेल सोडून सगळं एकत्र करा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की झाकून २० मिनिटं विसरून जा. या वेळात पाणी मुरतं आणि निम्मं मळणं आपोआप होतं. मग तेल घालून ६ ते ८ मिनिटं मळा. थोडा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू ताणा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पापुद्रा न फाटता झाला तर मळून झालं. लगेच २०५ ग्रॅमचे चार गोळे करा, खालच्या बाजूला कडा ओढून घेत गुळगुळीत वळा, आणि प्रत्येक गोळा तेलाचं बोट लावलेल्या वेगळ्या स्टीलच्या डब्यात, झाकण लावून, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवा. दारात नको. मुंबईत मोठं पातेलंभर पीठ फ्रिजमध्ये टाकणं ही चूक ठरते, कारण मधला भाग गार व्हायला तीन-चार तास लागतात आणि तोवर तो फुगून जातो. छोटे गोळे लवकर थांबतात.

२४ तासांनी पीठ वापरण्याजोगं होतं, ४८ तासांनी सर्वांत चांगलं. ७२च्या पुढे जाऊ नका. या गार, संथ आंबण्यानेच पिझ्झेरियाची ती चव येते, जास्त यीस्टने नाही. तयार गोळ्याचा आकार दुप्पट झालेला असतो, डबा हलवला की तो थरथरतो, आणि तळाकडून पाहिलं तर लहान-मोठे बुडबुडे दिसतात. वास ताकासारखा आंबूस, तीव्र नाही.

आजच्या आजच हवा असेल तर हेच प्रमाण घ्या. मळल्यावर दोन तास झाकून, मग गोळे करून आणखी दोन-तीन तास. चव साधी येईल, पोत चांगला.

जुलै-ऑगस्टमध्ये मैद्याचा उघडा पुडा हवेतलं पाणी ओढतो. त्या दिवसांत ५ ते १० ग्रॅम पाणी हातचं राखून ठेवा, लागलं तरच घाला.

प्रश्न : ताज्या टोमॅटोचा सॉस केला की पिझ्झावर पाणी सुटतं, आटवला की केचपसारखा लागतो. (वसई)

बाजारातले गोल, कडक टोमॅटो पाण्याचेच असतात. लांबट, गरदार, पूर्ण लाल झालेले निवडा. नारायणगावकडून येणारा हंगामातला माल असेल तर उत्तम. एक किलो टोमॅटो आडवे अर्धे कापा, बिया आणि रस हाताने पिळून काढा, कापलेली बाजू किसणीवर किसा, साल हातात राहील. हा गर गाळणीत अर्धा तास ठेवून पाणी निथळू द्या. उरलेला गर पसरट कढईत, मोठ्या आचेवर ८-१० मिनिटंच. पसरट भांडं आणि मोठी आच यासाठी, की पाणी पटकन उडतं आणि टोमॅटोची ताजी चव शिजून जात नाही. मंद आचेवर तासभर आटवल्यानेच ती केचपची चव येते. शेवटी १०० ग्रॅम गराला १ ग्रॅम मीठ, थोडं ऑलिव्ह तेल. टोमॅटो आंबट असतील तर चिमूटभर साखर. लसूण तेलात हलका परतून घाला, कच्चा नको. ओरेगॅनो सॉसमध्ये शिजवण्याऐवजी पिझ्झावर चुरडा.

चमच्यात घेऊन तिरपा केला तर सॉसच्या कडेने पाणी वेगळं वाहू नये, ही खूण. डबाबंद इटालियन सोललेले टोमॅटो आणलेत तर ते मुळीच शिजवू नका. हाताने कुस्करा, रस निथळा, मीठ घाला, संपलं. ते डबाबंद करतानाच शिजलेले असतात.

दहा इंची पिझ्झाला ६० ते ७० ग्रॅम सॉस. हे कमी वाटेल, पण सॉसखाली चिकट, कच्च्या पिठाचा थर राहतो तो जास्त सॉसमुळेच. ढोबळी मिरची, मशरूम, टोमॅटोच्या चकत्या पाणी सोडतात. मशरूम कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत परता, मिरची अगदी पातळ चिरा, टोमॅटोच्या चकत्या मीठ लावून टिपून घ्या. तीन प्रकारांच्या वर काही घालू नका.

प्रश्न : चीज ताणलं जात नाही, तेल सुटतं किंवा रबर होतं. क्यूबचं चीज किसून घातलं होतं. (विलेपार्ले)

क्यूब आणि स्लाइस हे प्रोसेस्ड चीज. त्यात इमल्सिफाय करणारे, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी एकजीव ठेवणारे, क्षार असतात, त्यामुळे ते वितळून मऊ होतं पण तार धरत नाही, आणि जास्त आचेला चिवट साल धरतं. सँडविचला छान, पिझ्झाला नाही. पुड्यावर ‘मोझरेला’ लिहिलेलं पाहा आणि घटकांची यादीही वाचा. त्यात वनस्पती तेल किंवा ‘अ‍ॅनालॉग’ असेल तर ते दुधाचं चीज नाही. अख्खा ठोकळा घेऊन घरी किसणं सर्वांत चांगलं, कारण तयार किसावर एकमेकांना चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं आणि ते वितळण्याच्या आड येतं.

पाण्यात ठेवलेले ताज्या मोझरेलाचे गोळे आपल्याकडे बहुधा म्हशीच्या दुधाचे असतात आणि चवीला अप्रतिम. पण त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. ९० सेकंदांच्या भट्टीत ते खपतं, आठ मिनिटांत पिझ्झाचं तळं होतं. वापरायचे असतील तर चिरून, फडक्यात, फ्रिजमध्ये तीन-चार तास निथळा आणि पिझ्झा अर्धा भाजल्यावर वर ठेवा. साधं, कमी ओलाव्याचं मोझरेला मात्र सुरुवातीपासून घालता येतं. ते थेट फ्रिजमधून काढून घाला म्हणजे कड होईपर्यंत जळणार नाही. दहा इंचांना ८० ते ९० ग्रॅम. थोडं जुनं, तिखटसर चेडार मिसळायचं असेल तर पाचव्या हिश्श्याच्या वर नको. तेल सोडतं ते तेच.

प्रश्न : पीठ लाटून घेतलं तर कड फुगत नाही, हाताने ताणलं तर रबरासारखं परत आकसतं. आणि प्लेटवर सरकवताना पिझ्झा चिकटून दुमडतो. (बोरिवली)

लाटणं बाजूला ठेवा. दोन दिवस जमवलेली हवा लाटण्याखाली एका फेरीत निघून जाते. गोळा आकसतोय म्हणजे तो एकतर गार आहे किंवा नुकताच वळलेला आहे. फ्रिजमधून काढल्यावर मुंबईच्या हवेत ४५ मिनिटं ते एक तास डबा बंदच ठेवा. हिवाळ्यात दीड तास. तरी आकसला तर ओढाताण करू नका, झाकून पंधरा मिनिटं द्या.

ओट्यावर मैदा भुरभुरवून गोळा त्यावर उलटा. बोटांच्या पेरांनी मध्यापासून बाहेर दाबत जा, पण कडेचा दीड सेंटिमीटर पट्टा सोडून. तिथली हवा तिथेच राहायला हवी. मग चकती दोन्ही मुठींवर घेऊन, कडेच्या आतल्या बाजूने फिरवत तिच्या वजनाने ताणू द्या. अंगठी, बांगड्या आधी काढा, पिठाला भोक पडतं ते बहुतेक त्यांनीच.

सरकवण्यासाठी पातळ प्लायची फळी किंवा पालथा घातलेला कडा नसलेला ट्रे घ्या. त्यावर मैदा आणि बारीक रवा निम्मा-निम्मा. रव्याचे दाणे पिठाखाली घरंगळतात. सॉस-चीज आधी मोजून तयार ठेवा, चकती फळीवर घेतल्यापासून मिनिटभरात पिझ्झा ओव्हनमध्ये गेला पाहिजे. ओल जिरली की रवाही काही करू शकत नाही. प्रत्येक टप्प्याला फळी थोडी हलवून पिझ्झा मोकळा सरकतोय ना ते पाहा. अडकला तर ती कड उचलून खाली रवा टाका. सुरुवातीला धीर होत नसेल तर बेकिंग पेपरवर सरकवा आणि दोन मिनिटांनी कागद ओढून काढा. २५० अंशांना कागदाची कड काळी पडते, म्हणून पिझ्झाबाहेर आलेला कागद आधीच कापून टाका आणि तो वरच्या रॉडजवळ जाणार नाही हे बघा.

प्रश्न : ओव्हनच नाही. तव्यावर चांगला पिझ्झा होतो का? (मुलुंड)

होतो, आणि कित्येक ओटीजींपेक्षा बरा. बिडाचा जाड तवा मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब नाचत उडून गेला पाहिजे. नुसती चकती टाका, काहीही न लावता. मिनिट-दीड मिनिटात वर फुगे येतील आणि खाली काळपट ठिपके. उलटा, आच मंद करा, भाजलेल्या बाजूवर सॉस आणि चीज पसरा, उंच झाकण ठेवा. तीन ते चार मिनिटांत चीज वितळतं. झाकण एका बाजूने जरा उघडं ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी चीजवर पडतं. दोन सेंटिमीटरवर बसणारं सपाट झाकण नको, चीज चिकटतं. या पद्धतीला चकती दहाऐवजी आठ इंची, १५० ग्रॅमची घ्या.

चीजला रंग मात्र येत नाही. ग्रिलचा मायक्रोवेव्ह असेल तर तव्यावर झालेला पिझ्झा वरच्या जाळीवर ग्रिल मोडमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवा. नॉनस्टिक तवा या कामाला बिलकूल वापरू नका. २६० अंशांच्या पुढे त्याचा थर विघटित होऊ लागतो आणि निघणारा धूर घातक असतो. मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथवर काही मिनिटांतच पोचतो.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. यीस्ट, कांदा, लसूण चालत नाही. (घाटकोपर)

सॉसची काही अडचण नाही. नापोलीच्या मार्गेरीटाच्या सॉसमध्ये कांदा-लसूण नसतोच, टोमॅटो आणि मीठ एवढंच. पिठासाठी : मैदा २५० ग्रॅम, घट्ट दही १०० ग्रॅम, बेकिंग पावडर १ टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, मीठ ५ ग्रॅम, तेल १० ग्रॅम आणि लागेल तसं ६० ते ७० मिली पाणी. अर्धा तास झाकून ठेवा, त्याहून जास्त नाही, कारण सोड्याचा वायू निघून जातो. चकती पातळ करा आणि तव्याच्या पद्धतीने भाजा. आंबवलेल्या पिठाची चव आणि मोठ्या बुडबुड्यांची कड यात येणार नाही, पण गरम असताना पोळी मऊ आणि रुचकर लागते. चीजच्या पुड्यावर हिरवी खूण पाहून घ्या.

प्रश्न : बेकरीतला तयार बेस वापरला तर? (माटुंगा)

तो आधीच भाजलेला असतो, पुन्हा दहा मिनिटं भाजला की टोस्ट होतो. दोन्ही बाजूंना ऑलिव्ह तेलाचं बोट लावा, वरची बाजू तव्यावर मिनिटभर शेका म्हणजे सॉस मुरणार नाही, आणि ओव्हनमध्ये चीज वितळेपर्यंतच ठेवा. यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा नको.

प्रश्न : ओटीजी लावला की प्लग गरम होतो. (डोंबिवली)

ताबडतोब बंद करा. २००० वॅटचा ओटीजी २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर खेचतो. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला ते झेपत नाही, त्यात तुम्ही तो तासभर तापवणार. १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा, मध्ये एक्स्टेन्शन किंवा मल्टिप्लग नको. मोठ्या सॉकेटलाही प्लग तापत असेल तर आतला संपर्क सैल झाला आहे, वायरमनकडून बदलून घ्या.

प्रश्न : दहा जणांना गरम पिझ्झा कसा वाढायचा? एक होईपर्यंत दुसरा गार होतो. (परळ)

प्रत्येक पिझ्झा प्लेटची उष्णता शोषून घेतो आणि ती परत यायला आठ-दहा मिनिटं लागतात. घाईने लागोपाठ सरकवलेला तिसरा पिझ्झा नेहमी फिका निघतो तो यामुळे. म्हणजे तासाला तीन ते चार पिझ्झा, एवढीच या ओव्हनची ताकद. ती मान्य करून आधी तयारी करा. दुपारीच सहा चकत्यांवर फक्त पातळ सॉस लावून तीन-तीन मिनिटं भाजून घ्या, जाळीवर पूर्ण गार करा, फडक्याखाली ठेवा. संध्याकाळी चीज आणि बाकीचं घालून चार ते पाच मिनिटं. असे अर्धवट भाजलेले बेस प्लेटला फारसे गार करत नाहीत, कारण त्यांतलं बरंचसं पाणी आधीच उडालेलं असतं. दोन पिझ्झांमध्ये तीन मिनिटांची उसंत पुरते.

एकेक पिझ्झा आला की आठ तुकडे करून सगळ्यांमध्ये फिरवा, प्रत्येकाला अख्खा देण्याच्या फंदात पडू नका. बाहेर काढल्यावर आधी मिनिटभर जाळीवर ठेवा, मग कापा. थेट ताटात ठेवला तर खालच्या वाफेने नरम पडतो.

गोळे उरले तर त्याच डब्यांत तिसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये राहतील. त्याहून जास्त ठेवायचे असतील तर पहिल्याच दिवशी, फुगण्याआधी, तेल लावून पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाका. दोन-तीन आठवडे टिकतात. वापरायच्या आदल्या रात्री डब्यात काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे आणि भाजण्याआधी दीड तास बाहेर.